भोईरभाऊंचं ‘हाय का?’

खरेदी विभागात माझा निम्मा जन्म गेला. हातमोजे, स्ट्रेचर, एक्स-रेचं मशीन, काय काय म्हणून विकत घेतलं नाही! पण एका माणसानं माझा जितका अंत पाहिला, तितका कुठल्याही व्यापाऱ्यानं पाहिला नसेल. हरेश्वर भोईर त्यांचं नाव. आम्ही सगळे भोईरभाऊ म्हणायचो. शांती नगरातलं आमचं ट्रस्टचं इस्पितळ, आणि पेणकरपाडा, गोडदेव, उत्तन आणि स्टेशनपलीकडे पसरलेले आमचे छोटे दवाखाने, या सगळ्यांना जोडणाऱ्या कम्प्युटरच्या जाळ्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या जाळ्यावर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी निवडायचं आणि मी ते विकत आणायचं, एवढंच काम आम्हा दोघांना नेमून दिलं होतं. अहो, एवढंच! त्यात वर्ष गेलं.

उंच, वाळका माणूस. शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. फोनवर बोलताना कधी बसायचे नाहीत. फोन वाजला की आधी उभे राहायचे, मग उचलायचे. मी एकदा म्हटलं, “भाऊ, बसून बोललात तर तार तुटणार आहे का?” तर म्हणाले, “बसून बोललं तं आवाज जात न्हाय बाय.” मला ते कायम ‘बाय’च म्हणायचे. गोडदेवचे मूळ रहिवासी, आगरी. ऑफिसात हिंदी-इंग्रजी-मराठीचा जो काला चालतो तो त्यांनाही यायचा, पण मनातलं काही बोलायचं असलं की घरची बोली बाहेर पडायची.

जेवणाच्या डब्यात रोज सुकट नाहीतर बोंबील. आमच्या प्रशासक मेहता मॅडम शाकाहारी, त्यांना वासानं कसंतरी व्हायचं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण भाऊंनी ओळखलं आणि डबा घेऊन सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसायला लागले. तिथे एसी, दार बंद. परिणाम असा झाला की आमच्या इस्पितळाचा सगळा कारभार ज्या यंत्रांवर चालतो त्या खोलीत बारमाही सुकटीचा वास यायचा. कंपन्यांची सुटाबुटातली माणसं यायची आणि आत पाऊल टाकताच नाकाला रुमाल लावायची. भाऊ शांतपणे म्हणायचे, “मशिनला चालतो.”

त्यांची एक रीत होती. सकाळी आले की पिशवी खुंटीला लावायची, उभ्याउभ्या टेबलावरचा फोन उचलायचा आणि एकेका दवाखान्याला लावायचा. पलीकडे कुणी उचललं की एकच प्रश्न.

“हाय का?”

सगळं ठीक असलं तर पलीकडून “हाय.” नसलं तर “न्हाय.” झालं संभाषण! उत्तनच्या दवाखान्यातली केरळची सिस्टर, स्टेशनपलीकडचे गुजराती डॉक्टर, गोडदेवचा हिंदी बोलणारा कारकून, सगळे हे दोन शब्द शिकले होते. पेणकरपाड्याला मात्र शेवंतामावशी होत्या, आमच्या सगळ्यात जुन्या आया. त्यांचं एका शब्दात कधी भागलं नाही. “हाय! हाय म्हणजे काय, प्रिंटर मेलाय कालपासून, कागद अडकतोय, माणसं माझ्या डोक्यावर बसलीयत, आणि तुम्ही तिकडं गार हवेत बसून विचारताय होय? मुडदा बशिवला तुमच्या कम्प्युटरचा!” भाऊ फोन कानापासून लांब धरायचे, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू कुणी त्यांची आरती ओवाळतंय.

“काय हो,” मी म्हटलं, “रोज सकाळी शिव्या खायला कसं आवडतं तुम्हाला?”

“‘न्हाय’ म्हननारं मानूस तिकडं हाय ना, मंग भ्यायचं न्हाय,” ते म्हणाले. “कोन काय बोलतच न्हाय, तवा पलायचं.”

हे कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील मिठागरावर होते. आता तिथे आठ-आठ मजल्यांच्या बिल्डिंगा आहेत, पण तेव्हा बांधावर उभं राहून खाडीच्या दारावरच्या माणसाला हाक मारायची असे. भरतीचं पाणी आत घ्यायचं ते दार सांभाळणारा माणूस लांब बसलेला. “हाय का?” अशी हाक द्यायची, पलीकडून “हाय” आलं की पुढचं काम. एकदा उत्तर आलं नाही. दार दिसत होतं, नीट बंद होतं, पाणी जिथल्या तिथे होतं. तरी वडील बांधावरून धावत सुटले. माणसाला साप चावला होता. वेळेवर पोचले म्हणून वाचला.

आता असल्या माणसाला सॉफ्टवेअर निवडायला सांगितलं तर काय होणार! पण मेहता मॅडमचंही चूक नव्हतं. दवाखाने वाढले होते, यंत्रं वाढली होती, दवाखान्यात रक्त तपासलं की रिपोर्ट जाळ्यावरून इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांकडे यायचा. कुठलं यंत्र कधी बंद पडलं ते फोनाफोनी करून कळणं हे काही खरं नव्हतं. “भोईरजी, कल आप बीमार पड़े तो?” असं त्यांनी विचारलं, आणि ते भाऊंनाही पटलं.

पहिल्या कंपनीचं सॉफ्टवेअर ट्रायलवर लावलं. ते जरा काही खुट्ट झालं की मोबाईलवर मेसेज टाकायचं. पेणकरपाड्याचा दवाखाना एका सोसायटीच्या तळमजल्यावर. वॉचमननं पाण्याचा पंप चालू केला की दिवे मंद व्हायचे, आमचा राउटर डोळा मारायचा आणि इकडे भाऊंच्या फोनवर मेसेज. लिफ्ट चालू झाली, मेसेज. कुणी मिक्सर लावला, मेसेज. जेवताना फोन टेबलावर थरथरत फिरत राहायचा. भाऊंच्या हाताखालच्या दोघांनी पहिल्याच आठवड्यात आपापल्या फोनचा आवाज बंद करून टाकला. भाऊ रागावले नाहीत. मला म्हणाले, “बग बाय. रोज वरडला तं त्याचं पन कोन आयकत न्हाय.” पहिली कंपनी गेली.

दुसऱ्या कंपनीच्या साहेबानं आम्हाला रंगीत आलेख दाखवले. काय ते रंग! मला तर त्यातलं काही कळलं नाही, पण बघायला बरं वाटलं. सगळं संपल्यावर भाऊंनी विचारलं, “हे बंद पडलं तर कोण सांगणार?” साहेब हसून म्हणाला, “सर, त्यासाठी दुसरा सर्व्हर आहे ना, तो याच्यावर लक्ष ठेवतो.” चांगलं उत्तर होतं. मी लगेच कागद पुढे ओढला. भाऊ म्हणाले, “आणि त्याच्यावर?” साहेबानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. दुसरी कंपनीही गेली.

शेवटी मॅडमचा धीर सुटला. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, “भोईरजी, बहुत हो गया. इस हफ्ते आप डिसाइड करो, नहीं तो मैं करूँगी.” भाऊ उठून उभे राहिले. मग म्हणाले, “मॅडम, मला सॉफ्टवेअरची भीती नाही. ते बघायला लागलं की आपली माणसं बघायचं सोडतील, त्याची भीती आहे.” खरं सांगते, मला तेव्हा ते निव्वळ आडमुठेपण वाटलं, आणि तसं वाटण्यासारखंच होतं.

त्यांनी तिसरं निवडलं. नीट बघून, पारखून निवडलं. उगाच आरडाओरडा करत नसे, एका मोठ्या पडद्यावर आमच्या सगळ्या जागांचा नकाशा दाखवायचं, आणि सगळं ठीक असलं की हिरवे ठिपके. पडदा बसवला त्या दिवशी भाऊंनी त्याच्या चौकटीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मेहता मॅडमनी स्वतः सगळ्यांना पेढे दिले. त्याच दिवशी परिपत्रक निघालं की यापुढे जाळ्याबद्दल फोन करू नयेत, मुख्य कार्यालयाला सगळं दिसतं. त्याखाली भाऊंची सही होती. आणि सही केली म्हणजे ती पाळायची, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी शेवटचा एक फोन सगळ्यांना लावला. पेणकरपाड्याला केला तेव्हा मी तिथेच होते. “मावशी, आता फोन करायची गरज न्हाय. मना हितनं दिसतं.”

मग सकाळी ती खोली कशी शांत शांत असायची! भाऊ यायचे, पिशवी खुंटीला लावायचे, आणि पडद्यासमोर उभे राहायचे. हात फोनकडे जायचा, परत यायचा. ठिपके हिरवे. बघवत नव्हतं मला. पण कामं भराभर व्हायला लागली, बंद पडलेली यंत्रं कुणी सांगायच्या आत दुरुस्त व्हायला लागली, आणि मीच त्यांना म्हटलं, “बघा, उगाच घाबरत होतात.” तेही म्हणाले, “चांगलंच हाय गो.”

पेणकरपाड्याच्या दवाखान्यात एक बाई यायची. पहिलटकरीण, सातवा महिना. पायावर सूज आली म्हणून तिचं रक्त तपासलं. रिपोर्ट वाईट होता, त्याच दिवशी दाखल करून घ्यावं असा. तो इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टर बाईंपर्यंत पोचला की त्या फोन करून पेशंटला बोलावून घ्यायच्या, अशी आमची पद्धत. पण रिपोर्ट पोचला नाही. राउटर चालू होता, लाइन चालू होती, कम्प्युटर चालू होता. फक्त रिपोर्ट पाठवणारा त्यातला प्रोग्रॅम अडकून बसला होता. पडद्यावर पेणकरपाडा हिरवंगार.

शेवंतामावशींना दिसत होतं. सकाळपासूनचे रिपोर्ट ‘गेले नाहीत’ असं त्या कम्प्युटरवर येत होतं. पूर्वीच्या मावशी असत्या तर भाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळ्या झाल्या असत्या. पण तिकडे सगळं दिसतं असं खुद्द भाऊंनी सांगितलेलं. त्यांना वाटलं, दिसतंय त्यांना, करत असतील काहीतरी. फोन करून कशाला त्रास द्यायचा? दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी त्या बाईला झटके आले म्हणून घरच्यांनी रिक्षात घालून इस्पितळात आणलं. ती वाचली. बाळ नाही वाचलं.

कंपनीचा माणूस धावत आला. घाबरला होता बिचारा. आमचे एक ट्रस्टी त्याच्यावर इतके ओरडले की खालच्या ओपीडीत ऐकू गेलं. भाऊ मध्ये पडले. “त्याला कशाला बोलता? त्या पडद्याच्या पेटीनं खोटं नाही सांगितलं. लाइन आहे का, असं मी तिला विचारलं. तिनं आहे म्हटलं. रिपोर्ट पोचतायत का, हे मी तिला विचारलंच नव्हतं.” मग खाली बसले. उभ्यानं बोलणारा माणूस, खुर्ची ओढून बसला.

डॉक्टर बाईंना ते पुन्हा पुन्हा गाठायचे. कॉरिडॉरमध्ये, जिन्यावर, कँटीनच्या दारात. “रिपोर्ट वेळेत आला असता तर बाळ वाचलं असतं का?” त्या म्हणायच्या, “कदाचित, भाऊ. कदाचित नसतंही.” भाऊ म्हणायचे, “नक्की सांगा.” त्या तरी कसं सांगणार? त्या ‘कदाचित’नं माणूस आतून पोखरला. डबा तसाच परत जायला लागला.

त्या बाईच्या घरीही ते एकटेच जाऊन आले. परत आले ते सरळ माझ्या टेबलापाशी. मी म्हटलं, “काय झालं हो? काही बोलले का ते लोक?” भाऊंनी टेबलाची कड धरली. मग म्हणाले, “तिच्या सासूनं मना पानी दिलं बाय. बसा म्हनाली. शिव्या द्यायला पायजे होत्या गो. पानी दिलं.” आणि तिथे, सगळ्या कोटेशनच्या फायलींसमोर, तो एवढा मोठा माणूस रडला. मी उठून दार लावून घेतलं.

सॉफ्टवेअर त्यांनी काढलं नाही. उलट कंपनीच्या माणसाला बसवून, रिपोर्ट अडकला की ठिपका लाल होईल असं करून घेतलं. अजूनही तेच चालू आहे आणि चांगलं चालू आहे. पण ते झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळचे फोनही सुरू झाले. मेहता मॅडमनी परिपत्रक मागे घेतलं, एक शब्द न बोलता. उत्तनची सिस्टर “हाय भाऊ” म्हणाली, गोडदेवच्या कारकुनानं “हाय” म्हटलं. पेणकरपाड्याला लावला तेव्हा मी मुद्दाम थांबले होते.

“हाय का?”

“हाय, साहेब,” पलीकडून आवाज आला.

साहेब! भाऊ फोन धरून तसेच उभे. “मावशी, प्रिंटर?” “चालू आहे साहेब.” “मावशी, काय न्हाय तर शिवी तरी घाला मना.” पलीकडे काहीच नाही. मावशींनी त्या बाळाचं जाणं आपल्याच अंगावर घेतलं होतं, आणि पुन्हा म्हणून कधी तोंड उघडून भांडल्या नाहीत. भाऊ रोज वाट बघायचे. फोन कानापासून जरा लांब धरायचे, सवयीनं.

निवृत्त झाले तरी गोडदेवच्या घरून त्यांचे फोन चालू होते. आता त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, ती सगळं पडद्यावर बघते, तरी म्हणायची, “मॅडम, भाऊंचा फोन दवाखान्यात रोज येतो. थांबवू का?” मी म्हटलं, “खबरदार!”

मग एक दिवस त्यांच्याच घरून फोन आला. घरात पडले, रक्तदाब वाढला होता, आमच्याच इस्पितळात आणलं. दुपारी भेटायच्या वेळेत मी वर गेले. पलंगाशेजारी मॉनिटर लावलेला. हिरव्या रेघा नीट पळत होत्या. भाऊ डोळे मिटून पडलेले. ड्यूटीवरची सिस्टर नवीन होती, हसतमुख पोर. म्हणाली, “सगळं नॉर्मल आहे मॅडम. झोपलेत. मघाशी चहासुद्धा घेतला.”

मी खुर्ची ओढली, मग बसलेच नाही. उभी राहून वाकले आणि म्हटलं, “भाऊ, हाय का?”

उत्तर नाही. सगळ्या शांती नगराला जागं करेल असल्या आवाजात मी परत विचारलं. डोळे जरासे उघडले, माझ्याकडे वळले, पण ओठ हलेनात. सिस्टरनं मॉनिटरकडे बघितलं. “मॅडम, हळू. सगळं ठीक दिसतंय.”

“ते नको बघू गं,” मी ओरडले. “हा माणूस उत्तर देत नाहीये. डॉक्टरांना बोलव. आत्ता!”

डॉक्टर जरा कपाळाला आठ्या घालूनच आले. भाऊंना म्हणाले, दोन्ही हात वर करा. एकच हात उठला. पलंगाची चाकं सुटली, दोन वॉर्डबॉय आले आणि मेंदूच्या स्कॅनसाठी त्यांना धावतच लिफ्टकडे न्यायला लागले. मी दांडी धरून बरोबर पळत होते. डॉक्टर म्हणत होते की वेळेत कळलं, वेळेत कळलं. लिफ्टपाशी क्षणभर थांबावं लागलं, तेव्हा मी परत वाकले.

“भाऊ, हाय का?”

तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ओठ दोनदा हलले. मग शब्द आला, तुटका, पण माझ्या कानाला स्पष्ट.

“न्हाय.”

“ऐकू आलं भाऊ,” मी म्हटलं. “मला ऐकू आलं.”

त्यांनी माझं बोट धरलं होतं. वॉर्डबॉयनं ते हलकेच सोडवलं, पलंग आत गेला आणि लिफ्टचं दार लागलं.